कमी शक्तीच्या परवान्यावर बारा वाहिन्या

केएएक्सटी हे नाव सॅन फ्रान्सिस्को बे एरियात वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी माणसाच्याही कानावर बहुधा पडलेलं नसतं. आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथे केबल, डिश आणि नंतर इंटरनेटवर मालिका-बातम्या बघत आली. खिडकीत अँटेना लावून हवेतून येणारं फुकटचं प्रक्षेपण पकडायची त्यांना गरजच पडली नाही. ज्यांना ती गरज होती, त्यांच्यासाठी मात्र या छोट्या केंद्राने एक मोठी गोष्ट करून दाखवली. एकाच प्रक्षेपकावरून, एकाच लहरपट्ट्यात, एकाच वेळी बारा चित्रवाहिन्या. असं करणारं अमेरिकेतलं पहिलं दूरचित्रवाणी केंद्र म्हणून केएएक्सटी ओळखलं जातं. एनबीसी किंवा सीबीएसच्या बड्या केंद्रांनी जे केलं नाही, ते कमी शक्तीच्या केंद्राने केलं. त्याची वाटचाल सांगायची तर सुरुवात कॅलिफोर्नियातून करता येत नाही. ती रॉकी पर्वताच्या दऱ्यांतून करावी लागते.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९४८मध्ये दूरचित्रवाणीचे नवे परवाने देणं थांबवलं आणि १९५२मध्ये ते पुन्हा सुरू केलं. तोवर मोठ्या शहरांत टीव्ही रुजला होता. कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंगसारख्या डोंगराळ राज्यांत मात्र शहरातल्या केंद्राच्या लहरी डोंगराच्या अलीकडेच अडत. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी स्वतःच मार्ग काढला. वर्गणी जमवून डोंगरमाथ्यावर अँटेना उभारायचा, आलेली लहर पकडायची, तिची ताकद वाढवायची आणि खाली गावाकडे सोडून द्यायची. या यंत्रांना परवाना नव्हता. एफसीसीने ती बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा १९५६मध्ये कोलोरॅडोचे गव्हर्नर एडविन जॉन्सन यांनी ती चालवणाऱ्यांना थेट राज्याच्या संपर्कसेवेत नेमून टाकलं आणि आपल्या संरक्षणाखाली घेतलं. केंद्र सरकारच्या यंत्रणेला एका राज्याने दिलेलं हे उघड आव्हान होतं. एफसीसीला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी अतिउच्च कंप्रतेच्या पट्ट्यात अशा यंत्रांना मान्यता मिळाली आणि १९६०मध्ये नेहमीच्या, खालच्या क्रमांकांच्या चॅनेलवरही.

मान्यता मिळाली, पण एक अट घालून. या यंत्रांना ट्रान्सलेटर म्हणत आणि त्यांनी फक्त दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे ढकलायचा. गावाला शहर दिसेल, पण गावाला स्वतःचं काही दाखवता येणार नाही. ही व्यवस्था पंचवीसएक वर्षं चालली.

आपल्यालाही ही व्यवस्था चांगली परिचयाची आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनने देशभर कमी शक्तीच्या, बहुधा १०० वॅटच्या प्रक्षेपकांचं जाळं विणलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा आणि तालुक्याच्या गावी टीव्ही आला तो या प्रक्षेपकांमुळेच. पण त्या गावातल्या मनोऱ्यावरून त्या गावाचं काही दिसत नसे. दिल्लीहून उपग्रहाने आलेलं चित्र तेवढं खाली उतरत असे. याला आपल्या देशात एक मोठा अपवाद होऊन गेला, तो गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या पीज गावाचा. इस्रोच्या अहमदाबादच्या संस्थेने १९७५मध्ये तिथे एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला आणि खेडूतांच्या प्रश्नांवर, त्यांच्याच बोलीत, त्यांनाच सोबत घेऊन कार्यक्रम केले. १९८४मध्ये ग्रामीण संपर्कासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. पुढे तो थांबला आणि त्या तोडीचा दुसरा प्रयोग आपण उभा केला नाही, याची खंत वाटते. कमी शक्तीचा प्रक्षेपक फक्त निरोप पोचवण्यासाठी नसतो, त्याच्या टप्प्यातल्या माणसांना बोलतंही करता येतं, हे पीजने दाखवून दिलं होतं.

अमेरिकेत हे दार १९८२मध्ये उघडलं. एफसीसीने १९८०मध्ये कमी शक्तीच्या दूरचित्रवाणीचा प्रस्ताव मांडला आणि अर्जांचा असा लोंढा आला की १९८१मध्ये नवे अर्ज घेणंच थांबवावं लागलं. मार्च १९८२मध्ये नियम ठरले. आता ट्रान्सलेटरएवढ्या छोट्या यंत्रावरून स्वतःचे कार्यक्रम दाखवायला परवानगी होती. त्याआधीच, डिसेंबर १९८१मध्ये, मिनेसोटातल्या बेमिजी या छोट्या शहरात के२६एसी हे पहिलं केंद्र सुरू झालं होतं. परवाने कोणाला द्यायचे याचा निर्णय पुढे सोडतीने होऊ लागला. लाखो डॉलरचा मनोरा आणि वकिलांची फौज न बाळगता टीव्ही केंद्र काढता येईल, असं पहिल्यांदाच घडत होतं. चर्च, महाविद्यालयं, गावातले छोटे व्यापारी, स्थलांतरितांच्या संघटना असे कितीतरी जण या रांगेत उभे राहिले.

पण परवान्यावरची अट पूर्वीइतकीच कडक होती. ही सेवा दुय्यम. पूर्ण शक्तीच्या केंद्राच्या प्रक्षेपणात व्यत्यय आणायचा नाही, त्यांच्याकडून व्यत्यय आला तर तक्रार करायची नाही आणि एखाद्या मोठ्या केंद्राला तोच लहरपट्टा हवा झाला तर आपण उठून दुसरा शोधायचा. मिळाला नाही तर बंद व्हायचं. केबल कंपन्यांवर मोठी केंद्रं दाखवण्याची सक्ती १९९२च्या कायद्याने झाली, ती या छोट्या केंद्रांना अपवादानेच लागू पडली. त्यांचा प्रेक्षक म्हणजे अँटेनावाला प्रेक्षक. बहुधा म्हातारा, नुकताच स्थलांतर करून आलेला किंवा दरमहा केबलचं बिल भरणं न परवडणारा.

थोडं संरक्षण मिळालं ते १९९९च्या कायद्याने. दिवसाला किमान अठरा तास प्रक्षेपण आणि आठवड्याला किमान तीन तास स्थानिक कार्यक्रम करणाऱ्या केंद्रांना ‘क्लास ए’ हा वेगळा वर्ग मिळाला. त्यांचा लहरपट्टा सहजासहजी काढून घेता येणार नव्हता. केएएक्सटी याच वर्गात मोडतं. स्थानिक असणं ही संरक्षणाची अट करणारा हा कायदा मला या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणा वाटतो.

डिजिटल युग आलं ते मोठ्या केंद्रांच्या सोयीने. १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. जुन्या संचांसाठी सरकारने चाळीस डॉलरची कुपनं दिली, त्यावर लोकांनी डिजिटल चित्र पकडणारे खोके घेतले. यातले बरेच खोके अ‍ॅनालॉग चित्र संचापर्यंत जाऊच देत नव्हते. छोटी केंद्रं तेव्हा बहुतांशी अ‍ॅनालॉगच होती. म्हणजे खोका जोडताक्षणी मोठी केंद्रं स्वच्छ दिसायची आणि छोटी घरातून नाहीशी व्हायची. छोट्या केंद्रांची संघटना, कम्युनिटी ब्रॉडकास्टर्स असोसिएशन, या खोक्यांविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. त्या लढ्याच्या खर्चाने वाकलेल्या संघटनेने २००९च्या ऑगस्टमध्ये काम थांबवलं. पंचवीस-तीस वर्षांच्या धडपडीतून उभं राहिलेलं क्षेत्र ऐन संक्रमणात आपल्या प्रवक्त्यांनाच मुकलं. डिजिटल होण्याची सक्ती छोट्यांवर उशिरा आली. क्लास ए केंद्रांना १ सप्टेंबर २०१५ आणि उरलेल्यांना १३ जुलै २०२१ अशी मुदत होती. शहाण्या केंद्रांनी मात्र मुदतीची वाट पाहिली नाही, कारण डिजिटलमध्ये काय दडलंय ते त्यांनी ओळखलं होतं.

इथे थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. अमेरिकेत प्रत्येक टीव्ही चॅनेलला सहा मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. अ‍ॅनालॉगमध्ये त्या पट्ट्यात एकच चित्र मावायचं. डिजिटल पद्धतीत त्याच पट्ट्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट माहिती जाते. तिचं काय करायचं हे केंद्राने ठरवायचं. चकचकीत हाय डेफिनिशन चित्राला यातला मोठा वाटा लागतो. मोठ्या नेटवर्कनी तोच मार्ग धरला, सोबत फार तर एक-दोन उपवाहिन्या. पण साध्या, जुन्या दर्जाचं चित्र दीड-दोन मेगाबिटमध्ये भागतं. मग हिशेब सोपा आहे. पट्टा एकच ठेवून त्यात आठ, दहा, बारा वाहिन्या बसवता येतात. एकाच वाड्यात बारा बिऱ्हाडं, आणि घरमालकाकडे मनोरा एकच.

ही बिऱ्हाडं नुसती शेजारी-शेजारी बसवून भागत नाही. सगळ्यांना कायमचे दीड मेगाबिट वाटून दिले तर निवेदक एका जागी बसून बातम्या सांगतोय त्या वाहिनीवर जागा वाया जाते आणि जिथे नाच किंवा फुटबॉल चालू आहे तिथे चित्राचे चौकोन पडतात. म्हणून संगणक क्षणाक्षणाला बारा चित्रं न्याहाळतो आणि ज्याला या घडीला जास्त गरज आहे त्याला जास्त बिट देतो. बारा वाहिन्या बसवणाऱ्या तंत्रज्ञांचं खरं कसब इथे लागलं. चित्र जरा मऊ दिसतं, कडा धूसर होतात, हे कबूल. पण आपल्या भाषेतल्या बातम्या ऐकायला बसलेला माणूस कडा मोजत बसत नाही. अडचण वेगळी होती. अ‍ॅनालॉगमध्ये लहर कमजोर झाली की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी आवाज ऐकू यायचा, चेहरा ओळखू यायचा. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ येतं आणि त्यापुढे एकदम गोठतं, मग काहीच उरत नाही. अतिउच्च कंप्रतेच्या पट्ट्यात पूर्ण शक्तीच्या केंद्राला हजार किलोवॅटपर्यंत प्रभावी शक्ती वापरता येते, कमी शक्तीच्या डिजिटल केंद्राला त्याच पट्ट्यात पंधरा. टप्प्याच्या कडेवर राहणाऱ्या घराला हा फरक रोज जाणवतो.

केएएक्सटीला डिजिटलने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे क्रमांक. अमेरिकन टीव्हीवरचा एक क्रमांकाचा चॅनेल १९४८मध्येच काढून घेऊन तो पट्टा इतर रेडिओसेवांना दिला गेला होता. पुढच्या पिढ्यांनी संचावर दोनपासूनचेच आकडे पाहिले. डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावर दिसणारा क्रमांक प्रत्यक्ष पट्ट्याहून वेगळा ठेवता येतो, आणि या छोट्या केंद्राने घेतला तो एक. कमी शक्तीच्या केंद्राला यादीत सर्वांत वरची जागा मिळाली.

या बारा जागा भरल्या कोणी, हे पाहिलं की बे एरियाचं खरं रूप दिसतं. १९७५मध्ये सायगाव पडलं, त्यानंतर आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी सॅन होजेत घरं केली. आज व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात सर्वांत जास्त व्हिएतनामी वस्ती तिथे आहे, एक लाखाहून अधिक. चिनी वस्ती तर त्याहून जुनी. सिलिकॉन व्हॅलीत आलेले भारतीय अलीकडचे. या लोकांसाठी बड्या नेटवर्कच्या केंद्रांवर फारशी जागा नव्हती. केएएक्सटीच्या उपवाहिनीवर दिवसाचे चोवीस तास होते. केंद्र चालवणाऱ्यांमध्ये रवी कपूर हे पत्रकार होते. दक्षिण आशियाई अमेरिकनांसाठीची त्यांची दिया टीव्ही ही वाहिनी डिजिटल प्रक्षेपणाच्या याच काळात बे एरियात हवेत आली. विशेष हे की ती भारतातून उपग्रहाने आणलेली वाहिनी नव्हती. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांच्या बातम्या, त्यांच्या शाळा, त्यांच्या निवडणुका, त्यांचे सण हा तिचा ऐवज होता. अमेरिकेतल्या भारतीयाला भारतातली बातमी दहा वाटांनी मिळते. आपल्याच गल्लीत काय चाललंय, ते आपल्या माणसांच्या नजरेतून सांगणारं मात्र फारसं कोणी नसतं, म्हणून मला ही निवड मोलाची वाटते.

अशा वाहिन्यांचं अर्थकारण साधं असतं. उपवाहिनी महिन्याच्या भाड्याने घ्यायची आणि भाडं काढायचं ते स्थानिक जाहिरातींतून. किराणा दुकानं, सराफ, घरांचे दलाल, व्हिसाची कामं करणारे वकील, हॉटेलं. पूर्ण केंद्र विकत घेणं ज्यांच्या स्वप्नातही नव्हतं त्यांना बाराव्या भागाचं भाडं झेपायचं. अर्थात सगळ्याच जागा भाषिक समाजांकडे जात नाहीत. देशभरातल्या अशा केंद्रांवर चोवीस तासांची खरेदीची वाहिनी, प्रवचनांची वाहिनी, जुन्या मालिकांची वाहिनी असतेच, कारण त्यांचं भाडं वेळेवर येतं.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांनी आपल्या संस्था उभ्या केल्या त्या कागदावर आणि सभागृहात. टोरांटोहून १९७९मध्ये ‘एकता’ हे त्रैमासिक निघालं, १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, २०२४चं त्याचं अधिवेशन सॅन होजेतच भरलं. हे काम फार मोठं आहे आणि ते हौसेवर, वर्गणीवर चाललं आहे. पण ते सभासदांपर्यंत पोचतं. हवेतून जाणारं प्रक्षेपण सभासद नसलेल्या घरातही शिरतं. नातवंडं सांभाळायला आलेल्या, इंग्रजी बेताचं येणाऱ्या, दुपारभर एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांच्या घरात ते कसलंही खातं न उघडता पोचतं. व्हिएतनामी आणि चिनी समाजांनी या माध्यमाचं मोल आपल्या आधी ओळखलं, असं मला वाटतं.

मग लहरपट्ट्याला जमिनीचा भाव आला. स्मार्टफोन वाढले तशी मोबाइल कंपन्यांना टीव्हीच्या पट्ट्यातली जागा हवी झाली. एफसीसीने २०१६च्या मार्चमध्ये एक अभूतपूर्व लिलाव सुरू केला. एका बाजूला टीव्ही केंद्रांनी आपला पट्टा सोडायची किंमत सांगायची, दुसऱ्या बाजूला मोबाइल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा. वर्षभराने तो संपला तेव्हा ८४ मेगाहर्ट्झ टीव्हीकडून निघाले होते, ३८ ते ५१ क्रमांकांचे चॅनेल टीव्हीच्या नकाशावरून पुसले गेले होते. मोबाइल कंपन्यांनी १९.८ अब्ज डॉलर मोजले, त्यातले दहा अब्जांहून थोडे अधिक १७५ केंद्रांना मिळाले. पूर्ण शक्तीची आणि क्लास ए केंद्रंच यात भाग घेऊ शकत होती. साध्या कमी शक्तीच्या केंद्रांना विकायलाही काही नव्हतं आणि संरक्षणही नव्हतं. त्यांच्यावर मोठं केंद्र येऊन बसलं तर त्यांनी उठायचं. २०१८मध्ये नव्या पट्ट्यासाठी अर्ज करायला त्यांना मुदत दिली गेली आणि स्थलांतराच्या खर्चासाठी संसदेने काही निधी मंजूर केला. पण जिथे हवा आधीच भरलेली होती तिथे नवा पट्टा आणायचा कुठून?

लिलाव होणार याची चाहूल लागताच गुंतवणूकदार क्लास ए केंद्रं शोधत हिंडू लागले होते. त्यांना कार्यक्रमांत रस नव्हता, पट्ट्यात होता. मायकेल डेल यांच्या गुंतवणूक कंपनीच्या पाठबळावरच्या ओटीए ब्रॉडकास्टिंगने लिलावापूर्वीच्या त्या काळात केएएक्सटी विकत घेतलं. यात बेकायदा काही नव्हतं. स्थानिक कार्यक्रम करता म्हणून ज्या केंद्रांना १९९९मध्ये संरक्षण मिळालं, तेच संरक्षण आता त्यांची विक्रीची किंमत ठरवत होतं. सराफाच्या, दलालाच्या, किराणावाल्याच्या जाहिरातींवर उभ्या राहिलेल्या जागेचा भाव आता खाली राहणाऱ्या लोकसंख्येच्या आकड्याने ठरू लागला. माझ्या मते या धोरणाची सर्वांत मोठी उणीव हीच. हवेवर कोणती भाषा बोलली जाते, याला लिलावाच्या सूत्रात कुठेच जागा नव्हती.

पुढे केएएक्सटी शिकागोच्या वायगेल ब्रॉडकास्टिंगकडे गेलं. या कंपनीचाही छोट्या केंद्रांशी जुना संबंध आहे. जुन्या मालिकांची तिची मी-टीव्ही ही वाहिनी शिकागोतल्या एका कमी शक्तीच्या केंद्रावर जन्मली, २००५पासून चोवीस तासांची झाली आणि २०१०च्या अखेरीस देशभर पसरली. कमी शक्तीचं केंद्र राष्ट्रीय नेटवर्क घडवू शकतं याचा हा पुरावाच म्हणायचा. पण त्याचा दुसरा परिणामही आहे. राष्ट्रीय वाहिनीला देशभर जागा लागते आणि ती जागा बहुधा स्थानिक भाडेकरूची असते. दिया टीव्हीने मात्र तग धरला. ती इतर केंद्रांच्या उपवाहिन्यांवर जागा घेत बे एरियाबाहेर न्यूयॉर्क, ह्यूस्टनसारख्या शहरांतही पोचली.

आज अमेरिकेत क्लास ए धरून दोन हजारांच्या आसपास कमी शक्तीची केंद्रं आहेत. त्यातली शेकडो केंद्रं मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. एकट्या एचसीटू होल्डिंग्जने २०१७पासून दोनशेहून अधिक केंद्रं गोळा केली. कित्येक केंद्रांत त्या शहरातला एकही माणूस कामाला नसतो. दूरच्या नियंत्रणकक्षातून दहा-बारा वाहिन्यांचा प्रवाह येतो आणि मनोऱ्यावरून खाली सोडला जातो. १९५६च्या ट्रान्सलेटरचं काम याहून वेगळं नव्हतं.

जानेवारी २०२३मध्ये लो पॉवर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट झाला आणि क्लास एचा दरवाजा पुन्हा किलकिला झाला. स्थानिक कार्यक्रमांची जुनी अट यातही होती, आणि ते योग्यच होतं. पण ९५,००० टीव्ही-घरांहून मोठ्या बाजारपेठेतल्या केंद्रांना अर्ज करता येत नव्हता. स्थलांतरितांच्या भाषा दाटीने राहतात त्या सॅन होजे, ह्यूस्टन, न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांत, आणि ती सगळीच या मर्यादेने वगळली गेली. दरम्यान मोठ्या प्रसारकांच्या संघटनेने फेब्रुवारी २०२५मध्ये एफसीसीकडे मागणी केली आहे की सगळ्या मोठ्या बाजारपेठांत २०२८पर्यंत आणि उरलेल्या देशात २०३०पर्यंत प्रक्षेपणाची नवी पिढी सक्तीची करावी. नव्या पद्धतीत त्याच सहा मेगाहर्ट्झमध्ये आणखी वाहिन्या मावतील. त्यासाठी नवी यंत्रं लागतील आणि प्रेक्षकालाही नवा संच किंवा नवा खोका घ्यावा लागेल. २००९मध्ये खोक्यांनी काय केलं, ते छोट्या केंद्रांच्या चालकांच्या लक्षात आहे. यंत्रं कधी बदलायची आणि कोणती पद्धत घ्यायची हे ठरवायचा हक्क आमच्याकडे ठेवा, अशी त्यांची एफसीसीकडे मागणी आहे.